परदेशातल्या माणसांशी मीटिंग ठरवताना: कॅलेंडर आणि वेळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार मी सांभाळते. वेळेच्या घोटाळ्याचे प्रश्न आधी फक्त आमच्या शॉपमधून यायचे. मग शेजारच्या फाउंड्र्यांमधून यायला लागले. आता टिळकवाडी-अनगोळपासून खानापूर-निपाणीपर्यंत, ज्यांची मुलं बाहेर आहेत अशा आई-वडिलांचेही येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून एकत्र लिहून ठेवले आहेत. प्रश्नांना आकडे दिलेत ते एका उत्तरातून दुसऱ्या उत्तराकडे जाता यावं म्हणून. बटणांची नावं गूगल कॅलेंडर आणि आउटलुकमध्ये दिसतात तशीच ठेवली आहेत.

१. टाइम झोनच्या यादीत बेळगाव सापडतच नाही. बेळगावी लिहून बघितलं, तेही नाही. काय निवडायचं?

कोलकाता निवडा. ही गावांची यादी नाही, झोनची, म्हणजे एकच वेळ पाळणाऱ्या प्रदेशांची आहे, आणि एका झोनला एखाद-दुसऱ्या शहराचं नाव दिलेलं असतं. गूगलमध्ये 'इंडिया स्टँडर्ड टाइम – कोलकाता' दिसेल, विंडोजमध्ये 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली' अशी ओळ दिसेल. कोल्हापूर, पणजी, बेंगळुरू सगळ्यांना तेच लागू.

विंडोजच्या यादीत जवळच 'श्री जयवर्धनेपुरा' अशी आणखी एक साडेपाच तासांची ओळ असते. ती श्रीलंकेची. आज वेळ सारखीच दिसते म्हणून ती ठेवू नका. १९९६ ते २००६ या काळात श्रीलंकेचं घड्याळ आपल्या पुढे होतं. त्यांनी पुन्हा काही बदललं तर तुमचं कॅलेंडर त्यांच्या मागे जाईल.

२. सगळ्यांचा फरक पूर्ण तासात असतो, आपलाच अर्ध्या तासाचा का?

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि तिथे ग्रिनिचपेक्षा बरोबर साडेपाच तास पुढची वेळ येते. ही वेळ १९०६ पासून आहे, पण मुंबईने आपली वेगळी 'बाँबे टाइम' त्यानंतरही अनेक वर्षं वापरली. बेळगाव साधारण ७४.५ अंशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने आपण घड्याळापेक्षा सुमारे ३२ मिनिटं मागे आहोत. आणि अर्ध्या तासाचे आपण एकटेच नाही. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेडही तसंच, आणि नेपाळ तर पावणेसहा तासांवर आहे.

३. एकदाच सांगून टाका: कुठे किती फरक?

आपल्या मागे: दुबई आणि मस्कत दीड तास, रियाध, दोहा, कुवेत अडीच तास. या ठिकाणी वर्षभर फरक बदलत नाही. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार. लंडन साडेचार आणि साडेपाच. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, डेट्रॉइट साडेनऊ आणि साडेदहा. शिकागो साडेदहा आणि साडेअकरा. कॅलिफोर्निया साडेबारा आणि साडेतेरा.

आपल्या पुढे: सिंगापूर अडीच तास, जपान साडेतीन तास, दोन्ही कायम. सिडनी-मेलबर्न साडेचार, आणि ऑक्टोबर ते एप्रिल साडेपाच. ब्रिस्बेन मात्र वर्षभर साडेचारच.

हे पाठ करू नका. अंदाजासाठी ठेवा आणि हिशोब कॅलेंडरला करू द्या. पाठ केल्यामुळे काय होतं ते पुढच्याच उत्तरात आहे.

४. सगळी थंडी साडेसातला होणारी मीटिंग मार्चमध्ये अचानक साडेसहाला कशी आली?

तिकडचं घड्याळ हललं म्हणून. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे आणतात. २००७ पासून हा नियम आहे. युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. २०२६ चं धरलं तर अमेरिका ८ मार्चला पुढे जाते, युरोप २९ मार्चला. परत येताना युरोप २५ ऑक्टोबरला आणि अमेरिका १ नोव्हेंबरला. मधले आठवडे सगळ्यात धोक्याचे, कारण तेव्हा एक जण हललेला असतो आणि दुसरा नाही. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे म्हणून बदलही उलटा: ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे.

आपलं घड्याळ कधीच हलत नाही. त्यामुळे समोरच्याचा बदल पूर्णपणे आपल्या अंगावर येतो आणि आपल्याला वाटतं मीटिंग हलली. त्यांच्या दृष्टीने ती रोजच्यासारखी सकाळी नऊलाच असते.

आमच्याकडे हे झालंय. दर सोमवारी डेट्रॉइटच्या एका ग्राहकाशी कॉल असायचा, आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. मार्चमधल्या त्या सोमवारी आम्ही सव्वासातला तयारी केली. टेबलावर वॉल्व्ह बॉडी पुसून ठेवलेली, शेजारी बोअर गेज, ड्रॉइंगवर ज्या टॉलरन्सबद्दल (मापात किती फरक चालेल त्याबद्दल) विचारायचं होतं त्याला लाल पेनने गोल केलेला. लिंक उघडली तर आत कोणीच नाही. मग मेल बघितला: त्यांनी साडेसहाला वीस मिनिटं वाट बघितली होती आणि उठून गेले होते. तो टॉलरन्स पुढच्या सोमवारी ठरला. तोपर्यंत आठवडाभर तो कास्टिंगचा लॉट शॉपच्या जमिनीवर तसाच पडून होता. त्यांनी पाठवलेलं निमंत्रण माझ्या मेलमध्ये होतं, मी 'येस' दाबलंच नव्हतं. डायरीत साडेसात लिहिलं होतं आणि त्यावर मी विसंबले. निमंत्रण स्वीकारलं असतं तर कॅलेंडरने ती मीटिंग आपोआप साडेसहाला दाखवली असती.

म्हणून समोरून निमंत्रण आलं की ते स्वीकारा. स्वतःच्या हाताने वेगळी नोंद करू नका. हाताने केलेली नोंद समोरच्याच्या बदलाबरोबर हलत नाही.

५. दर आठवड्याची मीटिंग मी तयार करायची असेल तर झोन माझा ठेवू की त्यांचा?

मला आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कॅलेंडर सोडवत नाही, माणसांनी सोडवायचा असतो. पुन्हा पुन्हा येणारी मीटिंग एका झोनला बांधलेली असते. ज्या झोनला बांधली तिथे ती वर्षभर एकाच वेळी राहते, दुसरीकडे ती हलते. डेट्रॉइटच्या सकाळी ९ ला बांधलीत तर आपल्याकडे हिवाळ्यात ७:३० आणि उन्हाळ्यात ६:३०. कोलकात्याच्या संध्याकाळी ७:३० ला बांधलीत तर तिकडे हिवाळ्यात ९ आणि उन्हाळ्यात १०. काहीच न ठरवता केलीत तर ती तुमच्या कॅलेंडरच्या झोनला बांधली जाते, आणि मार्चमध्ये समोरचा विचारतो की तुम्ही वेळ का बदललीत.

मी असं बघते: वेळ हलल्यावर जास्त माणसं कुठे अडचणीत येतात? ग्राहकाच्या आठ माणसांची आढावा बैठक असेल आणि आपल्याकडून दोघेच बसणार असतील तर त्यांच्या झोनला बांधावी. पण कॉलसाठी आपल्या शिफ्टमधली माणसं थांबणार असतील, मच्छे-खानापूरकडे बसने परत जाणाऱ्या मुली थांबणार असतील, तर ती कोलकात्याला बांधावी आणि ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये तसं स्पष्ट लिहावं. आजवर एकाही ग्राहकाने याला नकार दिलेला मी बघितला नाही. न सांगता ठेवलं की मात्र कुरबूर होते.

करायचं असं: गूगलमध्ये मीटिंग पूर्ण उघडल्यावर वेळेच्या शेजारी 'टाइम झोन' दिसतं, त्यात शहर बदला. आउटलुकमध्येही नवी मीटिंग उघडून टाइम झोन दाखवायचा पर्याय आहे. सेव्ह केल्यावर कॅलेंडर पुढे सरकवून मार्चचा तिसरा आठवडा, एप्रिलचा पहिला आणि नोव्हेंबरचा दुसरा आठवडा डोळ्यांनी बघून घ्या. दोन मिनिटं लागतात.

जर्मनीही कॉलवर असेल तर डेट्रॉइटच्या ९ ला बांधलेली मीटिंग त्यांच्याकडे दुपारी ३ ला असते, पण ८ ते २९ मार्चच्या मधल्या आठवड्यांत २ ला येते आणि मग परत ३ ला जाते. कुठल्याही झोनला बांधली तरी तीन ठिकाणी स्थिर राहणार नाही. त्या आठवड्यांसाठी वेगळा निरोप पाठवा.

६. दोन्हीकडच्या वेळा एकदम दिसतील असं काही करता येतं का?

येतं, आणि आजच करून टाका. गूगल कॅलेंडर कॉम्प्युटरवर उघडून सेटिंग्जमध्ये टाइम झोनखाली 'डिस्प्ले सेकंडरी टाइम झोन' वर खूण करा. शहर निवडा आणि लेबलच्या चौकटीत 'डेट्रॉइट' किंवा 'मेलबर्न – राहुल' असं मराठीत लिहा, चालतं. कॅलेंडरच्या डाव्या कडेला तासांचे दोन रकाने शेजारी शेजारी दिसायला लागतात. आउटलुकमध्येही दुसरा आणि तिसरा झोन जोडता येतो.

ज्या आई-वडिलांना कॅलेंडर नको वाटतं त्यांना मी फोनच्या घड्याळात 'वर्ल्ड क्लॉक' मध्ये मुलाचं शहर घालून देते. फोन करण्याआधी एकदा बघितलं की झालं.

७. व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये वेळ कशी लिहावी, म्हणजे चूक होणार नाही?

वार, तारीख महिन्याच्या नावासह, आणि दोन्ही शहरांच्या वेळा. उदाहरणार्थ: 'मंगळवार, १० मार्च २०२६, बेळगाव सायंकाळी ६:३०, डेट्रॉइट सकाळी ९:००'. दोन वेळा लिहिल्या की हिशोबात चूक असेल तर समोरच्याला लगेच दिसते.

आयएसटी, सीएसटी अशी आद्याक्षरं टाळा. आयएसटी म्हणजे आपल्याला भारत. इस्रायल आणि आयर्लंडमध्येही त्याच अक्षरांनी त्यांची वेळ लिहितात. सीएसटी शिकागोचीही आणि चीनचीही. अमेरिकन लोक भर उन्हाळ्यात सवयीने ईएसटी (न्यूयॉर्ककडची हिवाळी वेळ) लिहितात आणि त्यांना अभिप्रेत असते ईडीटी (तिथलीच उन्हाळी वेळ), म्हणजे एक तासाचा फरक. शहराचं नाव लिहिलं की हा गोंधळ उरत नाही.

तारीख ०५/०६ अशी लिहू नका. आपली ५ जून ही अमेरिकेत ६ मे होते. 'शनिवारी रात्री १२ ला' हेही नको, कारण त्यातला शनिवार संपला की सुरू झाला ते कळत नाही. ११:५५ किंवा १२:०५ लिहा.

जर्मन ग्राहकांशी फोनवर बोलणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. इंग्रज माणूस 'हाफ सेव्हन' म्हणाला तर ते साडेसात. जर्मन माणूस आपल्या भाषेत 'हाल्ब झीबन' म्हणाला तर ते साडेसहा, कारण ते 'सातकडे अर्धा' असं मोजतात. एखादा जर्मन इंग्रजीत बोलतानाही सवयीने तसंच म्हणून जातो. कानावर विसंबू नका, आकडा लिहून मागा.

८. मुलीने तिच्या कॅलेंडरचा स्क्रीनशॉट पाठवला, त्याप्रमाणे बसलो, कोणीच आलं नाही. असं का?

स्क्रीनशॉट हा फोटो असतो. त्यात तिच्या गावची वेळ छापलेली असते, ती तुमच्या फोनवर बदलत नाही. तिला मीटिंगमध्ये तुमचा ईमेल पत्ता 'गेस्ट' म्हणून घालायला सांगा. मग तीच मीटिंग तुमच्या कॅलेंडरमध्ये तुमच्या वेळेने दिसेल. ईमेल वापरत नसाल तर प्रश्न ७ प्रमाणे दोन्ही वेळा लिहून मागा.

९. कॅलेंडरमध्ये वेळ चुकीची दिसते, पण नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही.

किती फरकाने चुकते ते मोजा. फरकावरूनच बहुतेक वेळा दुखणं सापडतं.

बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर कॅलेंडर ग्रिनिच किंवा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) अडकलंय. साडेबारा किंवा साडेतेरा तासांचा फरक म्हणजे कॅलिफोर्नियाचा झोन राहिलाय. सेकंडहँड लॅपटॉप किंवा नव्याने विंडोज टाकलेल्या मशीनवर हे मी सर्रास बघते. अर्धा तास चुकला तर कराचीची ओळ निवडली गेली असेल, पाव तास चुकला तर काठमांडू. एक तास म्हणजे प्रश्न ४ मधला मामला. बारा तास म्हणजे एएम-पीएमची गल्लत.

आणखी एक बघा. कॅलेंडरचा झोन आणि कॉम्प्युटरचा झोन या दोन वेगळ्या सेटिंग आहेत. काही जण कॉम्प्युटरचा झोन तसाच चुकीचा ठेवून घड्याळाचे काटे हाताने जुळवतात. कोपऱ्यात वेळ बरोबर दिसते, पण पाठवलेलं प्रत्येक निमंत्रण चुकीचं जातं. आधी झोन दुरुस्त करा आणि वेळ आपोआप घ्यायचा पर्याय चालू करा.

१०. कॅलिफोर्नियाचा ग्राहक म्हणतो 'फ्रायडे फोर पीएम'. आम्ही शुक्रवारी थांबू?

नाही. ते उन्हाळ्यात आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेचार होतात. अमेरिकेची संध्याकाळ म्हणजे आपला दुसरा दिवस. त्यांचा रविवार संपायच्या आत आपला सोमवार सुरू झालेला असतो, त्यामुळे आपल्या सोमवारी सकाळी तिकडून उत्तर येणार नाही. आपल्याकडे शनिवारी काम चालतं हे त्यांना बहुधा माहीत नसतं. सांगून ठेवलेलं बरं.

आखातात सुट्ट्याही वेगळ्या. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कार्यालयांनी १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस असं केलं. रमजानमध्ये तिथले कामाचे तास कमी होतात, त्या महिन्यात दुपारनंतरची वेळ मागू नका.

११. तीन देशांतली माणसं आहेत. सगळ्यांना सोयीची वेळ कशी काढायची?

भारत, जर्मनी आणि कॅलिफोर्निया असतील तर उन्हाळ्यात आपल्या रात्री ८:३० ला जर्मनीत संध्याकाळचे ५ आणि कॅलिफोर्नियात सकाळचे ८ असतात. एवढीच फट आहे. त्यात मेलबर्न आलं तर तिथे मध्यरात्रीचा १ वाजलेला असतो, म्हणजे सगळ्यांच्या सोयीची वेळ अस्तित्वातच नाही. अशा वेळी दोन मीटिंग करा, किंवा पाळी ठेवा: या महिन्यात रात्र आमची, पुढच्या महिन्यात तुमची.

हे मागायला आपली माणसं संकोचतात. 'ग्राहक आहे, रात्री बसावंच लागेल' असं धरून चालतात. पण समोरच्याला आपल्याकडे किती वाजलेत हे दिसतच नसतं. गूगलमध्ये कामाच्या खात्यावर 'वर्किंग अवर्स' भरून ठेवता येतात, आउटलुकमध्येही. मग बाहेरच्या वेळेला मीटिंग टाकणाऱ्याला तशी सूचना मिळते. सकाळी साडेसात ते साडेआठ ही वेळही सुचवून बघा. कॅलिफोर्नियात तेव्हा आदल्या दिवशीची संध्याकाळ असते आणि आपल्या घरची रात्र मोकळी राहते.

१२. दुबईला उतरलो आणि सगळ्या मीटिंग दीड तास आधी दिसायला लागल्या. परत नीट करू का?

हात लावू नका. मीटिंग जिथल्या तिथे आहेत. बेळगावचे १० म्हणजे दुबईचे ८:३०, फोन तेच दाखवतोय. तिथे बसून तुम्ही वेळा 'दुरुस्त' केल्यात तर बेळगावातल्या सगळ्यांच्या बिघडतील.

गोळ्यांचं मात्र वेगळं आहे. कॅलेंडरमध्ये 'रोज सकाळी ८, बीपीची गोळी' असं ठेवलं असेल तर ते दुबईत साडेसहाला वाजेल. त्यासाठी फोनचा साधा अलार्म वापरा, तो जिथे असाल तिथल्या घड्याळाने वाजतो. लांबच्या प्रवासात गोळीची वेळ कशी सरकवायची ते आपल्या डॉक्टरांनाच विचारून जा.

विमानाची नोंद करताना सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहरात आणि उतरण्याची वेळ उतरण्याच्या शहरात असते. गूगलमध्ये सुरुवात आणि शेवट यांना वेगळे झोन देता येतात.

१३. नातवाचा वाढदिवस दोन दिवसांवर पसरलेला दिसतो. आणि आम्ही सुट्टी टाकूनही त्या दिवशी मीटिंग येतेच.

दोन वेगळी कारणं. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये पूर्ण दिवसाची नोंद म्हणजे नोंद करणाऱ्याच्या गावची मध्यरात्र ते मध्यरात्र. झोन बदलला की ती आदल्या किंवा पुढच्या दिवसावर सांडते. गूगलमध्ये ती तारखेला चिकटलेली असते, सांडत नाही.

दुसरं: पूर्ण दिवसाची नोंद केली की ती आपोआप 'फ्री' म्हणून जाते, म्हणून इतरांना तुम्ही मोकळे दिसता. १ नोव्हेंबरची कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी, पाडवा, अनंत चतुर्दशी हे टाकताना 'बिझी' करा. विसर्जनाच्या मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळही अडवून ठेवा, कारण रात्रभर जागलेली माणसं सकाळी कॉलवर बसू शकत नाहीत. तयार मिळणाऱ्या 'हॉलिडेज इन इंडिया' यादीत आपल्याकडच्या सगळ्या सुट्ट्या असतीलच असं नाही.

१४. न्यू जर्सीत नातीचं बारसं आहे. इथल्या गुरुजींनी मुहूर्त सांगितला, तो कुठल्या वेळेने धरायचा?

हा प्रश्न आता नेहमी येतो, आणि त्यात हिशोबापेक्षा विचारणा महत्त्वाची. तिथी संपते तो क्षण जगभर एकच असतो, त्यामुळे बेळगावच्या पंचांगातली तिथी संपण्याची वेळ साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे नेली की न्यू जर्सीची मिळते. पण दिवसाची तिथी त्या गावच्या सूर्योदयावरून धरतात आणि सूर्योदय प्रत्येक गावचा वेगळा. राहुकाळासारख्या गोष्टीही सूर्योदयावरून निघतात, त्या नुसत्या वजाबाकीने निघत नाहीत. म्हणून गुरुजींना विचारा: 'ही वेळ बेळगावची की न्यू जर्सीची काढून दिलीत?' समारंभाचं गाव आधी सांगितलं तर ते तिथल्या सूर्योदयावरून काढून देतात.

उत्तर मिळालं की कॅलेंडरमध्ये नोंद न्यूयॉर्कच्या झोनमध्ये करा आणि सगळ्या नातेवाइकांना गेस्ट म्हणून घाला. पाळण्यात नाव ठेवायची घटका तिकडे सकाळी ११ ची असेल तर इथे रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. आजींना जेवण लवकर उरकायला सांगा.

१५. मेक्सिकोच्या ग्राहकाची वेळ शॉपमधल्या जुन्या टॅबवर वेगळी आणि माझ्या फोनवर वेगळी दिसते. खरी कुठली?

फोनवरची, जर तो अपडेट होत असेल तर. देश आपले नियम बदलतात आणि ते बदल अपडेटबरोबर मशीनमध्ये येतात. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबरअखेर बहुतेक भागात घड्याळ हलवणं बंद केलं. त्याआधीपासून अपडेट न झालेला टॅब अजून जुन्या नियमाने चालतो. त्यातही तिहुआना, सिउदाद हुआरेझ अशी अमेरिकेच्या सीमेवरची शहरं अमेरिकेबरोबरच हलतात, कारण तिथल्या लोकांचा रोजचा व्यवहार पलीकडे असतो. सीमेवर राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यामुळे ग्राहक मेक्सिकोतला आहे एवढ्यावर थांबू नका, शहर विचारा.

१६. अमेरिका-युरोपात हे घड्याळ मागेपुढे करणं बंद होणार म्हणे?

युरोपीय संसदेने २०१९ मध्ये बंद करण्याच्या बाजूने मतदान केलं होतं, अमेरिकन सिनेटने २०२२ मध्ये उन्हाळी वेळच कायम ठेवण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. दोन्हींचा अंमल झाला नाही. नियम बदललाच तर तो अपडेटमधून तुमच्या कॅलेंडरमध्ये येईल, फक्त आधी टाकून ठेवलेल्या मीटिंग त्या वेळी एकदा तपासून घ्या. तोवर मार्चच्या पहिल्या सोमवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी स्वतःसाठी एक नोंद लावून ठेवा: 'परदेशी वेळा बघणे'. ती कोलकात्याच्या झोनमध्ये.